गव्हाणीतला आटलेला तांदूळ

पशुखाद्याच्या दुकानात सरकीची ढेप, जवसाची ढेप, तुरीची चुरी आणि तांदळाचा कोंडा ही पोती वर्षानुवर्षं ओळखीची आहेत. त्यांच्या शेजारी आता एक नवं पोतं दिसू लागलं आहे. त्यावर लिहिलेलं असतं ‘राईस डीडीजीएस’ आणि खाली ‘प्रथिने ४५ टक्के’. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यातला माणूस हे वाचून थबकतो. तांदळात शंभर किलोमागे प्रथिनं असतात जेमतेम सात-आठ किलो. पंचेचाळीस टक्के हा तर सोयाबीनच्या ढेपेचा आकडा. तो तांदळाच्या भुकटीत कुठून आला?

पोतं उघडून मूठभर भुकटी हातात घेतली की कोडं आणखी वाढतं. रंग फिकट तपकिरी, स्पर्श रव्यापेक्षा थोडा भरड, वास आंबलेल्या भातासारखा. हा इथेनॉलच्या कारखान्यातून निघालेला चोथा आहे असं कळलं, की दोन शंका हमखास निघतात. हे खाऊन गाय झिंगणार तर नाही ना? आणि पंचेचाळीस टक्के म्हणजे नक्की काहीतरी भेसळ असणार! पहिल्या शंकेत दम नाही. दुसरी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दोन्हींची उत्तरं आंबवण्याच्या क्रियेत आहेत, आणि ती क्रिया समजून घ्यायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे.

तणस भरपूर, तरी गाय अर्धपोटी

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा माजी मालगुजारी तलावांचा, बांध्यांचा आणि राईस मिलचा. शंभर किलो धान भरडलं की साधारण पासष्ट ते सदुसष्ट किलो तांदूळ मिळतो, वीसेक किलो तूस निघतं आणि आठेक किलो कोंडा. तांदळातही सगळे दाणे अख्खे नसतात. तुटलेल्या दाण्यांची कणी, गिरणीवाल्यांच्या बोलीत कनकी, वेगळी होते. शेतात मागे राहतं ते तणस. धान निघाल्यावर गावोगावी तणसाचे ढीग दिसतात आणि पुढे कितीतरी महिने जनावरांची भिस्त त्यावरच असते.

तणसानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात. शिवाय त्यातली सिलिका पचनाला आड येते आणि ऑक्झलेट शरीराला मिळणारं कॅल्शियम अडवून धरतं. म्हणून पोट टम्म फुगलेली गायही अर्धपोटी असू शकते. दुधासाठी लागणारी प्रथिनं मग ढेपेतून द्यावी लागतात, आणि दूधधंद्यात सगळ्यात जास्त चटका बसतो तो ढेपेच्या भावाचा.

कोंडा घरचा आहे, पण एकट्या कोंड्यावर भागत नाही. तेल काढलेल्या कोंड्यातही प्रथिनं पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपासच असतात. म्हणजे धानाच्या जिल्ह्यात पिठूळ माल मुबलक आणि प्रथिनांची मात्र टंचाई. या टंचाईवर तांदळाचाच एक अवतार उपाय म्हणून येतो, ही यातली खरी गंमत.

गाईच्या पोटातली रोवणी

आपण म्हणतो गाय तणस खाते. नीट पाहिलं तर तणस खातात तिच्या पोटातले जंतू, आणि गाय जगते त्या जंतूंवर. तिच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट, शंभर-दीडशे लिटरचा जिवंत रांजण. ३९ अंशांची ऊब, हवा जवळपास नाही, आणि आतल्या रसाच्या एकेका थेंबात कोट्यवधी जिवाणू. हे जिवाणू तणसाचा चिवट तंतू फोडतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती आम्लं हेच गाईचं इंधन. हे करताना जिवाणूंची स्वतःची संख्या वाढत जाते. पुढच्या कप्प्यांत गेल्यावर तेच पचतात आणि गाईला प्रथिनं पुरवतात. गाईला मिळणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी अर्ध्याहून अधिक अशी जिवाणूंच्या शरीरातून येतात.

हे जिवाणू म्हणजे रोवणीला आलेले मजूर समजा. बांधीत चिखल तयार आहे, पऱ्हे आहेत, पाणीही आहे; पण मजुरांना न्याहारीच दिली नाही तर दुपारी हात थांबतात. जिवाणूंची न्याहारी म्हणजे नत्र आणि थोडं पीठ किंवा साखर. चाऱ्यातली प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू मंदावतात, तणस पोटात पडून राहतं आणि गाय पुढचा घास घेत नाही. अशा वेळी थोडी जास्तीची प्रथिनं दिली तर त्यांचा फायदा दुहेरी होतो. ती स्वतः उपयोगी पडतातच, शिवाय पोटात पडलेलं तणसही पचवून घेतात.

सगळीच प्रथिनं जिवाणूंच्या तावडीत सापडत नाहीत. काही कोठीपोटात न फुटता सरळ पुढे निघून जातात आणि आतड्यात पचतात. गाव टाळून जाणाऱ्या रस्त्याला आपण बायपास म्हणतो, तशीच ही बायपास प्रथिनं. बऱ्यापैकी दूध देणाऱ्या गाईला दोन्ही लागतात, जिवाणूंना मिळणारी आणि थेट तिला पोचणारी. डीडीजीएसमधली जवळपास अर्धी प्रथिनं बायपास प्रकारची असतात, कारण कारखान्यात ती चांगली तापवून वाळवलेली असतात.

कारखान्यात काय घडतं

डीडीजीएस म्हणजे ‘डिस्टिलर्स ड्राइड ग्रेन्स विथ सोल्युबल्स’. सोप्या मराठीत, धान्यातून मद्यार्क काढून झाल्यावर उरलेला चोथा आणि त्यातलं आटवलेलं पाणी, दोन्ही एकत्र वाळवून केलेली भुकटी.

सुरुवात दळण्यापासून होते. कनकी दळून पाण्यात शिजवतात. आपली पेज शिजते तशीच, फक्त भांडं हजारो लिटरचं. मग त्यात विकरं घालतात. विकर म्हणजे रासायनिक कात्री. पिठातला स्टार्च हा साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ असतो. एक विकर माळेचे तुकडे करतं, दुसरं त्या तुकड्यांतले मणी सुटे करतं. भाताचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागू लागतो, कारण आपल्या लाळेतही असंच विकर असतं.

साखर सुटी झाली की यीस्ट घालतात. पावाचं पीठ फुगवणारं हेच ते किण्व. यीस्ट साखर खातं आणि तिचं जवळपास निम्मं निम्मं वजन दोन वाटांनी बाहेर टाकतं, एका वाटेनं मद्यार्क आणि दुसऱ्या वाटेनं कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. दोन-अडीच दिवसांत साखर संपते. मग सगळा रस उकळतात. मद्यार्क ७८ अंशांना वाफ होऊन उडतो, तो थंड करून धरून ठेवतात. पुढे तो पेट्रोलमध्ये मिसळला जातो. देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोचलं आणि धान्यावर चालणारे कारखाने वाढले. नवं पोतं दुकानात दिसण्यामागचं कारण हेच.

भांड्याच्या तळाशी उरतो गाळ. त्यातला घट्ट चोथा वेगळा करतात, पातळ पाणी आटवून काकवीसारखं करतात, ते पुन्हा चोथ्यावर ओततात आणि सगळं वाळवतात. मद्यार्क हाच कारखान्याचा विकायचा माल, त्यामुळे तो चोथ्यात सोडून देणं कुणालाच परवडत नाही. जो चुकून राहतो तो वाळवताना उडतो. म्हणून गाय झिंगत नाही.

खव्याचा हिशोब

आता त्या पंचेचाळीस टक्क्यांकडे येऊ. पाच लिटर दूध कढईत आटवलं की किलोभर खवा होतो. खव्यात प्रथिनांचं प्रमाण दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं. पण कढईत कुणी प्रथिनं टाकलेली नसतात, फक्त पाणी उडालेलं असतं. तांदळाचं असंच होतं. फरक इतकाच की इथे पाण्याबरोबर स्टार्चही उडतो.

कागद-पेन्सिल घ्या. शंभर किलो कनकीत पंचाहत्तरहून जास्त किलो स्टार्च असतो, बारा-तेरा किलो पाणी आणि साडेसात किलोच्या आसपास प्रथिनं. स्टार्चची साखर झाली आणि तिचे चाळीस-पंचेचाळीस लिटर इथेनॉल आणि बुडबुडे होऊन निघून गेले. यीस्टला प्रथिनांशी काही देणंघेणं नव्हतं. थोडी त्यानं आपल्या शरीरात वळवली, पण यीस्ट स्वतःच शेवटी चोथ्यात राहिलं. वाळल्यावर हातात उरतात सतरा-अठरा किलो. साडेसात किलो प्रथिनं आता या सतरा किलोंत आहेत. भागाकार करा, चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. पोत्यावरचा आकडा खोटा नाही.

मक्याचं गणित वेगळं. मक्याच्या दाण्याला जाड साल आणि तेलकट अंकुर असतो. ते आंबत नाहीत, चोथ्यात राहतात. म्हणून मक्यापासून उरणारा माल जवळपास एक तृतीयांश असतो आणि त्यात प्रथिनं सव्वीस ते तीस टक्क्यांच्या घरात. दोन्ही पोत्यांवर ‘डीडीजीएस’ हीच अक्षरं असतात, म्हणून धान्य कोणतं हे आधी विचारावं.

दही, दारू आणि ड्रम

आंबवणं म्हटलं की सगळं एकच वाटतं. पण दही लागणं आणि मद्यार्क होणं यात मोठा फरक आहे. दह्यात जिवाणू साखरेचं आम्ल करतात. आम्ल दह्यातच राहतं, वजन घटत नाही, प्रथिनांची टक्केवारीही हलत नाही. मुरघास याच जातीचा. हिरवा चारा हवाबंद दाबला की त्याचं लोणचं होतं. चारा टिकतो, चवदार होतो, पण त्यात प्रथिनं वाढत नाहीत.

हे लक्षात ठेवलं तर ‘ड्रममध्ये कोंडा, गूळ आणि यीस्ट घाला, आठ दिवसांत प्रथिनं दुप्पट’ असे सल्ले ऐकून फसायला होत नाही. आंबवल्यावर कोंड्यातली थोडी साखर उडते, त्यामुळे टक्केवारी किंचित वर सरकते. पण ड्रममधली प्रथिनं किलोच्या हिशोबात तेवढीच राहतात, उलट एकूण वजन घटतं. प्रथिनांचा कणा नत्र आहे, आणि बाहेरून नत्र आल्याशिवाय नवं प्रथिन तयार होत नाही. ड्रमचा एक फायदा आहे: चव आणि पचन थोडं सुधारतं. एक धोकाही आहे: यीस्टऐवजी बुरशी लागली तर सगळं वाया.

झाडीपट्टीला चोथ्याची ओळख जुनीच आहे. वाळलेल्या मोहफुलांत निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. मोह आंबवून गाळला की मागे उरणारी फुलं जनावरं खातात, हे इथे लहानथोर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तत्त्व तेच, साखर गेली आणि बाकीचं राहिलं. पण मोहफुलात मुळातच प्रथिनं कमी, त्यामुळे उरलेल्या चोथ्याची ढेपेशी बरोबरी होत नाही. हातभट्टीत नवसागर किंवा आणखी काही घातलेलं असेल तर तो चोथा गोठ्यात आणूच नये. मोहाच्या बियांच्या ढेपेची गोष्ट तर निराळीच. तिच्यात सॅपोनिन हे विषारी द्रव्य असतं, ती सरळ खाऊ घालायची वस्तू नव्हे.

चांगलं आटतं, तसं वाईटही

कढईत दूध आटवताना दुधात मीठ पडलेलं असेल तर खवा खारटच होणार. डीडीजीएसची सगळी काळजी या एका वाक्यात आहे.

पहिली काळजी बुरशीच्या विषाची. ओलसर धान्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. यीस्ट ते खात नाही, उकळून ते उडत नाही. म्हणून मक्यात असेल त्याच्या तिप्पट आणि तांदळात असेल त्याच्या पाच-सहापट ते भुकटीत जमतं. गाईच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि त्यातला थोडा भाग दुधात उतरतो. दूध उकळूनही तो जात नाही. म्हणूनच देशात पशुखाद्यासाठी किलोमागे २० मायक्रोग्रॅम आणि दुधासाठी ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आखलेली आहे. तांदळात हा धोका मक्यापेक्षा कमी असतो, पण कारखान्यात पावसात भिजलेली कनकी गेली असेल तर तो कमी राहत नाही. आणि चांगलं पोतं आपणच गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं तर दोष कारखान्याचा नाही.

दुसरी काळजी जळण्याची. तव्यावर विसरलेली पोळी काळी होते, पोषणही जातं. भुकटी अति तापवली की प्रथिनं आणि साखर एकमेकांना चिकटतात. मग ती कोठीपोटात फुटत नाहीत आणि पुढे आतड्यातही पचत नाहीत. कॉफीसारखा गडद रंग आणि करपट वास ही त्याची खूण. प्रयोगशाळेचा कागद तेव्हाही पंचेचाळीस टक्केच म्हणेल, पण ती प्रथिनं शेणातून निघून जातील.

तिसरी काळजी भेसळीची, म्हणजे दुकानातल्या त्या शंकेची. प्रयोगशाळा सहसा प्रथिन थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. याला ढोबळ प्रथिनं म्हणतात. आता यूरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे या हिशोबात एक किलो यूरिया जवळपास २.९ किलो ‘प्रथिनं’ दाखवतो. क्विंटलभर स्वस्त भुकटीत दोन किलो यूरिया टाकला की कागदावरचा आकडा पाच-सहा टक्क्यांनी वर जातो. म्हणून मोठी खरेदी करताना ढोबळ प्रथिनांबरोबर यूरियाची आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणीही मागावी. दूध संस्थेनं किंवा बचत गटानं मिळून एकच नमुना तपासून घेतला तर खर्च वाटला जातो. कुठे आणि कशी तपासणी करायची हे पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्यातल्या हिवरा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं.

गव्हाणीत किती

आठ लिटर दूध देणारी संकरित गाय समजा. ढोबळ नियम असा की शरीरासाठी एक-दीड किलो खुराक आणि गाईच्या दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम. म्हशीला लिटरमागे पाचशे. म्हणजे या गाईला दिवसाला साडेचार किलोच्या आसपास. त्यात डीडीजीएस पाचव्या हिश्शापुढे नेऊ नये, म्हणजे जास्तीत जास्त नऊशे ग्रॅम.

सालासकट काढलेल्या सरकीच्या ढेपेत प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास. एक किलो ढेपेतली प्रथिनं अर्धा किलो राईस डीडीजीएसमध्ये येतात. पण ढेपेबरोबर तेल आणि तंतूही मिळत होते. म्हणून एक किलो ढेप कमी केली तर अर्धा किलो डीडीजीएस आणि उरलेल्या अर्ध्यात कोंडा-कनकी अशी भरपाई करावी, आणि ढेप पूर्ण बंद न करता अर्ध्यावर थांबावं. कनकी इथे नुसती भर नव्हे. जिवाणूंना प्रथिनांबरोबर पीठ मिळालं नाही तर नत्र अमोनिया होऊन मूत्रातून वाहून जातं; न्याहारीत भाकर आणि भाजी दोन्ही लागतात. खनिज मिश्रण तर हवंच, कारण तणसातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं.

बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा. कोठीपोटातली वस्ती एका रात्रीत बदलत नाही. घाई केली तर गाय खाणं सोडते आणि दोष पोत्याला लागतो. कारखान्याजवळ ओला चोथा स्वस्त मिळतो, पण त्यात सत्तर टक्क्यांपर्यंत पाणी असतं. आपण भाडं पाण्याचं भरतो, आणि विदर्भाच्या उन्हात तो दोन-तीन दिवसांत खराब होतो.

आणि हे सगळ्या गाईंसाठी नाही. पूर्व विदर्भातली कठाणी गाय अंगानं लहान, दूध थोडं, चरून येणारी. तिला महागड्या प्रथिनांपेक्षा हिरवा चारा, थोडा कोंडा आणि यूरिया-प्रक्रिया केलेलं तणस जास्त परवडतं. शंभर किलो तणसावर चाळीस-पन्नास लिटर पाण्यात चार किलो यूरिया विरघळवून शिंपडायचा आणि एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवायचं. यूरियाचा अमोनिया होतो, तंतू मऊ पडतो आणि प्रथिनांची टक्केवारी सातच्या आसपास जाते. इथे नत्र बाहेरून आलं, म्हणून ही वाढ खरी आहे. ढीग उघडल्यावर वास उडेपर्यंत तणस पसरून ठेवावं. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये. आणि यूरिया थेट खुराकात कधीही कालवू नये, त्यानं जनावर दगावतं.

भाव कोण ठरवतं

शेवटची गोष्ट गोठ्याबाहेरची आहे. ढेपेचा भाव कापूस आणि सोयाबीन ठरवतात. डीडीजीएसचा भाव ठरवतं पेट्रोल. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाच्या तांदळाचा इथेनॉलसाठीचा पुरवठा थांबला, तेव्हा कारखाने मक्याकडे वळले; २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. दिल्लीतल्या एका आदेशानं पोत्यातलं धान्य बदलतं, आणि धान्य बदललं की प्रथिनं पंचेचाळीसवरून अठ्ठावीसवर येतात. पोत्याचा रंग मात्र तसाच राहतो. म्हणून एकाच मालावर गोठा उभा करू नये. बांधीत उतेरा म्हणून पेरलेली लाखोरी आणि जवस, बांधावरची सुबाभूळ आणि घरचा कोंडा यांची जोड असू द्यावी.

पुढच्या वेळी ते पोतं दिसलं की आधी मूठभर भुकटी तळहातावर घ्या. रंग फिकट आहे का, वास आंबूस आहे की करपट, बोटांना ओल लागते का, ते बघा. मग दुकानदाराला विचारा, “धान्य कोणतं? माल कधीचा? तपासणीचा कागद आहे का?” पंचेचाळीसचा आकडा यानंतर वाचायचा.

चौकट : थोडक्यात

- आंबवल्यानं प्रथिनं नव्यानं तयार होत नाहीत. स्टार्च निघून जातो आणि प्रथिनं आटतात. शंभर किलो कनकीतून सतरा-अठरा किलो भुकटी उरते.
- राईस डीडीजीएसमध्ये प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास, मक्याच्या डीडीजीएसमध्ये २६ ते ३०.
- खुराकाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच द्यावं; दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावं; सोबत कनकी-कोंडा आणि खनिज मिश्रण द्यावं.
- गडद रंग, करपट वास, ओलसर गाठी किंवा बुरशी दिसली तर पोतं परत करावं.
- मोठ्या खरेदीआधी अफ्लाटॉक्सिन आणि यूरियाची तपासणी मागावी.
- मुरघास चारा टिकवतो, प्रथिनं वाढवत नाही.